चार पॉईंट पंचावन्न

आमच्या खो-खोच्या कोच तोडकर मॅडमनी हॉलच्या दाराला निवडीची यादी चिकटवली आणि त्या बाजूला सरकल्या, तशा सगळ्या पोरी दारावर तुटून पडल्या. मी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. घाई कशाला? नाव असणारच, अशी माझी खात्री. शिवानी मुळीक मात्र कोपरं मारत पुढे घुसली. बारा नावं वाचून ती मागे वळली तेव्हा तिचं तोंड उघडंच होतं.

"हर्षे, माझं नाव आलं!"

"मग? मी काय सांगत होते तुला?"

"अगं पण... तुझं नाहीये."

शिवानीला थट्टेची भारी खोड. एकदा सराव रद्द झालाय असं सांगून तिने मला अख्खी दुपार घरी बसवलं होतं. "गप गं बये," म्हणत मी उठले आणि तशीच अनवाणी दारापर्यंत गेले.

बाराव्या ओळीत शिवानी मुळीक, ५.१५. त्याखाली एक रेघ. रेघेखाली 'राखीव' असा शब्द, आणि त्याखाली मी. हर्षदा केंजळे, ४.५५.

राखीव म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळतं. संघ राज्य स्पर्धेला जातो आणि राखीव घरी बसून कुणाचा पाय मुरगळतोय का याची वाट बघते. बरं, वाट बघायला माझ्याकडे पुढचं वर्षही नव्हतं. माझं अठरावं पूर्ण होणार होतं, कुमारी गटातलं ते माझं शेवटचं वर्ष. राज्य स्पर्धेतूनच महाराष्ट्राच्या संघात मुली उचलतात, आणि मला उचलतील असं तोडकर मॅडमसुद्धा म्हणायच्या. त्यानंतर महिला गट. तिथे नोकऱ्या लागलेल्या, वर्षानुवर्षं मैदान गाजवलेल्या बायका. त्यांच्यात आमच्यासारखीला कोण विचारतंय? पाचवीपासून मी जी पळत होते ती या एका यादीसाठी.

मागे वळले तर आप्पा उभे होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. गाव त्यांना केंजळे सर म्हणतं. ज्युनिअर कॉलेजात गणित आणि कॉम्प्युटर शिकवायचे. आणि ही यादी त्यांनीच काढली होती, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामने काढली होती.

"आकडे आहेत, हर्षू," ते हळू आवाजात म्हणाले. "आकड्यांना मामा नसतो, काका नसतो."

"हो आप्पा."

आणि खरं सांगते, मला पटलं. तोवर मला आप्पांचं सगळंच पटायचं. मला खो-खोत घातलं ते त्यांनीच. उंची नाही, अंगात ताकद नाही, पण पोरगी वाकते छान, असं म्हणून मैदानावर नेलं. पहाटे घड्याळ घेऊन ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि मी दोन खांबांच्या मध्ये साखळी घालत, नागमोडी पळायचे. बाद कशी होऊ नये हे मला मॅडमच्या आधी त्यांनी शिकवलं. "दिमाख नको, सूर मारायला जाऊ नको. आज जेवढं टिकलीस तेवढंच उद्या टिक, परवा टिक. सातत्य म्हणजे खेळ." असं त्यांचं म्हणणं. तशीच मी पळायचे. लोकांना शिवानीचा खेळ आवडायचा, कारण ती खांबावरून अशी काही हूल द्यायची की पोरं शिट्ट्या मारायची. पण ती कधी लगेच बाद व्हायची तर कधी सापडायचीच नाही. माझ्या खेळाला कुणी शिट्टी मारली नाही, आणि पटकन बादही मला कुणी केलं नाही.

आता हा प्रोग्राम कुठून आला ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी मुलींच्या निवडीत मोठा तमाशा झाला होता. निवड समितीतल्या एका गृहस्थांच्या मेव्हणीची पोरगी संघात आली, आणि पहिल्याच सामन्यात स्वतःच खांबाला धडकून बसली. पेपरात आलं, भांडणं झाली, तोडकर मॅडम राजीनामा द्यायला निघाल्या. तेव्हा समितीचे अध्यक्ष पिसाळ नाना, ज्यांचं बाजारपेठेत खताचं दुकान, ते खुद्द आमच्या घरी आले.

"सर, यंदा माणसाच्या हातात निवडच नको," नाना म्हणाले. "तीन डाव पळवू. कोण किती वेळ टिकलं ते लिहू. तिन्हीची बेरीज, बेरजेत पहिले बारा. ते तुमच्या मशीनने करायचं. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"माझी मुलगी आहे निवडीला," आप्पा म्हणाले.

"म्हणूनच तर! भाच्याला नापास करणारा माणूस तुम्ही."

ही भाच्याची गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. आप्पांनी सख्ख्या भाच्याला तोंडी परीक्षेत नापास केलं होतं. आत्या पुढच्या दोन दिवाळ्या आमच्याकडे फिरकली नाही. आप्पा ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि सांगताना खूश असायचे. तेव्हा मलाही त्यात अभिमान वाटायचा. कशाला खोटं बोलू?

तर आप्पांनी प्रोग्राम लिहायला घेतला. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी दोन वेळा भरून पाहिल्या, एक दहा आणि दोन वीस. आमच्या खेळात वेळ अशीच लिहितात. एक मिनिट दहा सेकंद असेल तर एक, पॉईंट, दहा. वेळाधिकारी तसंच लिहितो, पेपरात तसंच छापून येतं. आप्पांनी बटण दाबलं आणि पडद्यावर काय आलं, तर १.१०२.२०.

"हे काय हो आप्पा? नुसतं शेजारी शेजारी चिकटवलंय."

"कारण त्याच्या लेखी हे आकडे नाहीत, अक्षरं आहेत." आप्पा शिकवायच्या सुरात आले. "शब्द जोडावा तसे त्याने जोडले. त्याला सांगावं लागतं की बाबा रे, हा आकडा समज. मग इथे लिहायचं, फ्लोट."

"फ्लोट म्हणजे?"

"तरंगणारा. पॉईंट कुठेही असू शकतो, तरंगता. त्याला फ्लोट म्हटलं की तो अक्षराचा आकडा करून देतो."

"आकडा तरंगू दे नाहीतर बुडू दे," आई आतून म्हणाली, "आमटी थंड होतेय ती आधी संपवा."

आप्पांनी फ्लोट लिहिलं, पुन्हा बटण दाबलं. उत्तर आलं तीन पॉईंट तीन, आणि पुढे शून्यांची लांबलचक रांग आणि रांगेच्या टोकाला आणखी एक तीन. आप्पा त्या शेवटच्या तिनावर चिडले. मशीन दशांश धरून ठेवताना कुठेतरी केसभर चुकतं, असं त्यांनी मला समजावलं, आणि ते शेपूट छाटायला त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. आमटी खरोखरच थंड झाली. मग नीट तीन पॉईंट तीस आलं. एक दहा आणि दोन वीस, तीन तीस. बरोबर! आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जशी काही मीच राज्य जिंकून आले.

मुलींची यादी लागली त्या संध्याकाळी मी खूप रडले. शिवानी घरी आली, दारातच घुटमळली. तिला आनंदही करता येईना आणि दुःखही. मीच तिला आत घेतलं, माझे नवे गुडघापट्टे तिच्या हातात कोंबले आणि म्हटलं, "नीट पळ. डावीकडे हूल द्यायची तुझी सवय आहे ना, ती सगळ्यांना कळलीय, तेवढी बदल." ती गळ्यात पडून रडली. आप्पा त्या वेळी आतल्या खोलीत मुलांच्या निवडीचे आकडे भरत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर त्यांनी लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

"डोकं दुखतंय थोडं," म्हणाले.

मला वाटलं, माझ्यासाठी दुखतंय. जीव तुटला त्यांच्यासाठी. मी बामाची डबी आणून दिली. काय वेडी असते पोर!

दुसऱ्या दिवशी मुलांची यादी लागली. मी गेले होते ते ओंकार भिलारेसाठी. हा ओंकार आमच्याच मंडळाचा, चणीने बारका, आणि पळायचा अगदी माझ्यासारखा. मुलांच्या निवडीचे तिन्ही डाव मी दोरीला टेकून पाहिले होते. दोनदा तो एक पंचावन्न टिकला, एकदा एक पन्नास. मनात म्हटलं, बिचारा, याचंही माझ्यासारखंच होणार. दिमाख नाही ना!

तर ओंकार चक्क सहावा होता. नावासमोर आकडा, ५.४०.

पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती. मी तिथेच थांबले. आनंद झाला मला, पण काहीतरी खुपत होतं. पाच चाळीस? माझे डाव मला पाठ होते, कुठल्या खेळाडूला नसतात? एक पन्नास, एक पंचावन्न, एक पन्नास. ओंकारचे एक पंचावन्न, एक पंचावन्न, एक पन्नास. म्हणजे माझ्यात आणि त्याच्यात फरक किती, तर एका डावात पाच सेकंद. बस्स. मग त्याचे पाच चाळीस आणि माझे चार पंचावन्न कसे?

मी बोटांवर बेरीज केली. तीन मिनिटं. वर पन्नास, पंचावन्न, पन्नास, म्हणजे एकशे पंचावन्न सेकंद. त्यातली दोन मिनिटं निघाली, उरले पस्तीस. पाच मिनिटं पस्तीस सेकंद. पुन्हा केली. पाच पस्तीस. शिवानीचे पाच पंधरा.

मी कॉलेजकडे पळत सुटले.

आप्पा कॉम्प्युटरच्या खोलीत एकटेच होते, खिडक्या लावत होते.

"आप्पा, ओंकारचे पाच चाळीस कसे झाले?"

"बरोबर आहेत. बेरीज करून बघ."

"केली. बरोबर आहेत. मग माझे चार पंचावन्न कसे?"

त्यांनी शेवटची खिडकी लावली. कडी घातली. मग म्हणाले, "दार लोटून घे."

मी दार लोटलं.

"काल मुलांचे आकडे भरताना लक्षात आलं," ते म्हणाले. "मी त्याला फ्लोट म्हटलं होतं ना. त्याने एक पन्नास म्हणजे एक मिनिट पन्नास सेकंद असं धरलंच नाही. त्याने धरलं एक आणि पन्नास शतांश. म्हणजे दीड. त्याच्या लेखी शंभर झाल्याशिवाय पुढचा एक होत नाही. आपल्याकडे साठ झाले की मिनिट होतं. तुझे एकशे पंचावन्न सेकंद, ते त्याच्यासाठी नुसते एक पॉईंट पंचावन्न. म्हणून चार पंचावन्न. ज्यांची वेळ दोन मिनिटांच्या जरा वर गेली त्यांचं नुकसान नाही. जे दरवेळी दोनच्या आत, पण जवळ राहिले, त्यांना फटका. मी तपासताना एक दहा आणि दोन वीस घेतले. त्यात साठ होतच नव्हते. शेपूट छाटत बसलो आणि डोकं राहून गेलं."

"म्हणजे माझे पाच पस्तीसच!"

"पाच पस्तीस."

अहो, मी टाळी वाजवली! हसाल तुम्ही, पण मला खरंच वाटलं की आप्पा मला आनंदाची बातमी सांगतायत. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे गेले, त्यांचा हात धरला आणि ओढायला लागले.

"चला ना, नाना आत्ता दुकानातच असतील. मॅडमना मी फोन करते. शिवानीला वाईट वाटेल, पण ती समजून घेईल, मी बोलते तिच्याशी. चला!"

"बस, हर्षू."

"अहो, बस काय?"

"बस म्हणतो ना."

मी बसले.

"मी तपासलं सगळं," आप्पा म्हणाले. "बाकीच्या अकराजणी वर-खाली होतात, पण बारातच राहतात. फक्त एक जागा बदलते. तू आत येतेस, मुळीक बाहेर जाते. आता तूच सांग, यादी लागून गेल्यावर मी नानांकडे जाऊन काय म्हणू? प्रोग्राममध्ये चूक निघाली, आणि काय योगायोग बघा, ती दुरुस्त केली की नेमकी माझीच मुलगी संघात येते? कोण विश्वास ठेवेल?"

"पण चूक आहेच की!"

"आहे. मला कळतं, तुला कळतं. गावाला फ्लोट आणि सेकंद कळतात? गाव एवढंच म्हणेल, शेवटी केंजळ्यानेही तेच केलं."

"मग ओंकारचं कसं केलंत? मुलांचा प्रोग्राम दुरुस्त केलात ना?"

"मुलांची यादी लागली नव्हती. आणि ओंकार माझा कुणी नाही."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की मला आधी अर्थच लागला नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात लोक. आमच्या घरात उलटं होतं. दुसऱ्याचा तो बाब्या होता.

"आप्पा," मी विचारलं, "माझ्या जागी दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर?"

"तर मी कालच नानांचं दार ठोठावलं असतं," ते म्हणाले. अगदी खरं बोलले. खोटं बोलायची सवयच नव्हती ना त्यांना.

"मग मी जाते नानांकडे."

"जा. पण मग लोक म्हणतील, बापाने पोरीला पुढे केलं. आणि ते म्हणाले तर मी त्या कॉलेजात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. नोकरी सोडेन. हे तुला नीट सांगून ठेवतो."

घरी आल्यावर आईला कळलं. माझं तोंड पाहूनच तिने काढून घेतलं. आई सहसा आप्पांपुढे बोलायची नाही, पण त्या दिवशी ताट वाढता वाढता थांबली.

"तत्त्व तुमचं आणि भोगायचं पोरीने? दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं याला मी तत्त्व नाही म्हणत."

"तुला कळायचं नाही ते," आप्पा म्हणाले.

"मला काय कळायचंय? कुंपणानेच शेत खाल्लं, तेवढं कळलं मला."

आप्पा न जेवता उठले. मग आईच वाईट वाटून रडली, आणि तिची समजूत मी घातली. असं हे घर.

मी नानांकडे का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. आप्पांच्या नोकरीच्या धमकीला मी भ्याले, हे खरं आहे. पण त्याहून खरं कारण वेगळं. मला वाटत होतं, आप्पा जातील. आज नाही तर उद्या. त्यांच्याच्याने राहवणार नाही. बापाबद्दल पोरीला एवढं तर वाटणारच ना? ते बाहेर जायला निघाले की मी बघायची, बाजारपेठेकडे वळतात की कॉलेजकडे. दरवेळी कॉलेजकडे वळायचे. कुणाचं तोंड बघून मनात धस्स होतं, कुणाचं बघून दिलासा वाटतो. त्या दिवसांत आप्पांचं तोंड बघून मला दोन्ही व्हायचं.

रविवारी मैदानावर संघाला निरोप द्यायचा कार्यक्रम होता. मांडव घातला होता, पोरापोरींना नवे ट्रॅकसूट मिळाले होते, आणि रस्त्याच्या कडेला गाडी हार घालून उभी होती. मला जायचं नव्हतं. आप्पा म्हणाले, "ये. नाही आलीस तर बरं दिसणार नाही." त्यांच्या तोंडावरून मला वाटलं, आज सांगणार. सगळ्यांसमोर सांगणार, म्हणून मला सोबत नेतायत. मी माझाही ट्रॅकसूट घातला, जुना, आणि बूट घातले. हो, घातले! इतकी खात्री होती मला.

गाडीत बसायला सुरुवात झाली होती. शिवानीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून माझे हात धरले.

"हर्षे, मी तुझ्या वाटणीचं पण पळणार बघ!"

तिला बिचारीला काय ठाऊक. तिचा काय दोष? मी म्हटलं, "पळ गं बाई, चांगली पळ." बोलताना माझा आवाज फुटला, आणि तिला वाटलं मैत्रिणीच्या मायेने फुटला.

मग नाना माईकवर आले. आधी हवापाण्याचं बोलले, मग मागच्या वर्षीच्या तमाशाचं, मग म्हणाले, "यंदा एकसुद्धा तक्रार नाही! कारण यंदा यादी केंजळे सरांनी काढली. मंडळी, या माणसाने पोटच्या पोरीला एका जागेसाठी बाहेर ठेवलं. एका जागेसाठी! त्यांच्या मनात असतं तर एक आकडा इकडचा तिकडे करायला किती वेळ लागला असता?"

टाळ्या कडकडल्या. आप्पांना वर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. "दोन शब्द बोला सर," म्हणून माईक त्यांच्या हातात दिला.

आता, असं मी मनात म्हटलं. आता बोलतील. मी गाडीकडे पाहिलं, शिवानीकडे पाहिलं, आणि तिला कसं सांगायचं याचाही विचार करून ठेवला.

आप्पांनी घसा साफ केला.

"मी काही केलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त आकड्याला आकडा म्हटलं. नातं मधे येऊ दिलं नाही. बाकी सगळं मशीनने केलं, आणि मशीन कुणाचं नसतं."

आणि त्यांनी हात जोडले. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पहिल्या रांगेत एक म्हातारबाबा डोळे पुसत होते.

कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांनी मला सगळं खरं सांगितलं होतं. त्यांना भीती होती, माझ्यासाठी भांडायची हिंमत नव्हती, हेही मी एकवेळ समजून घेतलं असतं. पण इथे तर ते माझं चार पंचावन्न विकून शाल घेत होते, आणि तीही मान वाकवून. चूक तर प्रोग्राम लिहिताना नकळत झालीच होती. ती कळल्यावर जे झालं ते आप्पांनी केलं होतं, आणि आता म्हणत होते, मी काही केलं नाही.

तेवढ्यात नानांनी मला हेरलं.

"अगं ये ये, हर्षदा! वर ये. मंडळी, हीच ती पोर!" मला दोघींनी ढकलतच वर नेलं. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक माझ्या तोंडापुढे धरला. "सांग बघू सगळ्यांना, वडिलांचा अभिमान वाटतो की नाही?"

आप्पा माझ्या अगदी शेजारी होते. त्यांच्या नव्या शालीचा वास येत होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर लोकांकडे बघत होते, पण नारळ धरलेला हात घट्ट आवळला होता. मी एक वाक्य बोलले असते तर शिवानी गाडीतून खाली उतरली असती, मी चढले असते आणि आप्पा गावातून उठले असते. ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

"वाटतो की," मी म्हणाले. "पण मी त्यांची मुलगी नसते तर जास्त वाटला असता."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग नाना खो खो हसले. "रुसलीय पोरगी! अगं, रुसणारच, खेळाडू आहे!" सगळा मांडव हसला, टाळ्या वाजल्या, तोडकर मॅडमही हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच मान खाली घातली.

गाडी गेली. पोरी खिडक्यांतून हात हलवत, ओरडत गेल्या. मांडवातली माणसं एकेक करून आप्पांना भेटत होती, कुणी हात मिळवत होतं, कुणी पाया पडत होतं. सगळे पांगल्यावर आप्पांनी स्कूटर काढली, चालू केली आणि माझ्यासमोर आणून थांबवली.

"चल. बस मागे."

"मी चालत येते."

"ऊन बघ किती आहे, हर्षू. बस."

मागे बसायचं तर त्यांच्या खांद्याला धरावं लागलं असतं, आणि खांद्यावर ती शाल होती. मी चालत गेले.